एंडोस्कोपीचे प्रशिक्षण जिल्ह्याच्या महाविद्यालयांपर्यंत न्यावे

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

वैद्यकीय प्रवेशांचा हंगाम आला की एमबीबीएसच्या जागा किती वाढल्या, कोणत्या जिल्ह्यात नवे महाविद्यालय सुरू झाले, कट-ऑफ कितीवर थांबला, याच्या बातम्या आपल्या वृत्तपत्रात सविस्तर येतात आणि त्या यायलाच हव्यात. एमडी झालेला डॉक्टर पुढे काय शिकतो, कुठे शिकतो आणि शिकून कुठे जातो, याविषयी मात्र वाचकांपर्यंत फारसे काही पोचत नाही. मी वैद्यकशास्त्राची प्राध्यापक म्हणून शासकीय महाविद्यालयांत तीस वर्षांच्या आसपास शिकवले आणि आता निवृत्त आहे. पोटाच्या व यकृताच्या विकारांचे, म्हणजे गॅस्ट्रोएन्टेरॉलॉजीचे, आणि त्यातल्या एंडोस्कोपीचे, म्हणजे तोंडावाटे दुर्बीण घालून आत पाहण्याचे व उपचार करण्याचे, प्रशिक्षण आपल्या राज्यात ज्या पद्धतीने चालते त्याबद्दल मला लिहायचे आहे. त्याला निमित्त झाला एका रात्री आलेला फोन.

फोन माझ्या जुन्या विद्यार्थ्याचा होता. तो एका जिल्ह्याच्या ठिकाणी शासकीय महाविद्यालयात सहायक प्राध्यापक आहे. रात्रीचे दोन वाजून गेले होते. "मॅडम, पस्तिशीचा पेशंट आहे, बरीच वर्षे पितोय, दोनदा रक्ताची उलटी झालीय, बीपी ऐंशीच्या वर येत नाही," तो म्हणाला. "स्कोप आहे, बँडचा सेटही कपाटात आहे. पण बाँडवर आलेले सर वर्ष संपवून मार्चमध्ये गेले, आणि माझा हात बसलेला नाही." घरी किती रक्त पडले हे डॉक्टरांना दाखवता यावे म्हणून नातेवाइकांनी घमेले रिकामे न करता तसेच जीपमधून आणले होते. औषधे आम्ही फोनवरच ठरवली, रक्तपेढीला निरोप गेला, आणि पहाटे १०८ च्या रुग्णवाहिकेतून त्या माणसाला मोठ्या शहराकडे रवाना केले. तो तिथे पोचला नाही.

या आजाराची रीत वाचकांना थोडक्यात सांगते. यकृत निबर झाले की आतड्यांकडून त्याच्याकडे येणाऱ्या रक्ताला वाट मिळत नाही, दाब वाढतो आणि अन्ननलिकेच्या खालच्या टोकाच्या शिरा फुगतात. त्यांतली एखादी फुटली की रुग्ण भळाभळा रक्त ओकतो. अशा रुग्णाला शिरेतून टर्लिप्रेसिन किंवा ऑक्ट्रिओटाइड द्यायचे, प्रतिजैविक सुरू करायचे आणि रुग्ण दाखल झाल्यापासून बारा तासांच्या आत दुर्बीण घालून फुगलेल्या शिरांना रबराची वळी, म्हणजे बँड, चढवायची, हा जगभर मान्य झालेला उपचार आहे. पॅरिसजवळच्या एका रुग्णालयाने १९८० ते २००० या काळातल्या आपल्या नोंदी तपासल्या, तेव्हा या रक्तस्रावाने रुग्णालयात दगावणाऱ्यांचे प्रमाण सुमारे ४३ टक्क्यांवरून सुमारे १५ टक्क्यांपर्यंत खाली आलेले दिसले. हा फरक या औषधांनी आणि दुर्बिणीने घडवला. माझ्या विद्यार्थ्याकडे औषधे होती आणि दुर्बीणही होती. दुर्बीण चालवायला त्याला कुणी शिकवले नव्हते, आणि त्यात त्याचा काही दोष नाही.

शिकायचे असेल तर वाट एकच आहे. एमबीबीएसची साडेपाच वर्षे, एमडीची तीन वर्षे, आणि त्यानंतर डीएम किंवा राष्ट्रीय परीक्षा मंडळाची डीआरएनबी ही सुपरस्पेशालिटीची आणखी तीन वर्षे. एकही वर्ष वाया गेले नाही तरी हातात पदवी पडेपर्यंत तिशी उजाडते, आणि वर्ष वाया न गेलेला विद्यार्थी मी क्वचितच पाहिला आहे. डीएमचा प्रवेश 'नीट-एसएस'मधून होतो. त्या परीक्षेत १५० प्रश्न असतात, सगळे पर्यायांचे. पोटविकारांच्या जागा दरवर्षी पहिल्या फेऱ्यांतच संपतात. त्याच वेळी हृदयशस्त्रक्रियेसारख्या शाखांच्या जागा रिकाम्या राहतात, ही वेगळी आणि तितकीच काळजीची गोष्ट आहे. मुंबईत केईएम, नायर, शीव आणि जे. जे. या रुग्णालयांत या विषयाचे उत्तम शिक्षण मिळते, हे मी कृतज्ञतेने नमूद करते, कारण मी स्वतः त्या शहरातच शिकले. तिथून तयार होऊन बाहेर पडणारे डॉक्टर उत्तम असतात. पण त्यांची संख्या थोडी आहे, आणि जिल्ह्यात ते टिकत नाहीत.

टिकावेत म्हणून शासनाने बंधपत्राचा, म्हणजे बाँडचा, मार्ग धरला आहे. सुपरस्पेशालिटीनंतर एक वर्ष सेवा करायची, नाही तर दोन कोटी रुपये भरायचे. राज्यांना असे बंधपत्र घेता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१९ मध्ये मान्यही केले आहे. बंधपत्राला माझा विरोध नाही. सरकारी खर्चाने शिकलेल्या माणसाने एक वर्ष सरकारी रुग्णाला द्यावे, हे योग्यच आहे. परंतु त्या वर्षात आलेला तज्ज्ञ आपल्यापुरते काम करतो आणि निघून जातो. त्याने तिथल्या एखाद्या कायम शिक्षकाला शिकवून जावे, अशी ना अट असते, ना त्यासाठी वेळ राखलेला असतो, ना त्याची कुठे नोंद होते. म्हणून दर मार्चमध्ये ते कपाट पुन्हा बंद होते. त्या रात्री न उघडलेला बँडचा सेट काही महिन्यांनी तपासणीच्या वेळी बाहेर काढला तेव्हा त्याची मुदत उलटून गेली होती, पाकीट फोडलेलेही नव्हते, हे माझ्या विद्यार्थ्याने मला नंतर सांगितले.

प्रधानमंत्री स्वास्थ्य सुरक्षा योजनेतून औरंगाबाद, लातूर, अकोला आणि यवतमाळ येथील शासकीय महाविद्यालयांना सुपरस्पेशालिटीच्या स्वतंत्र इमारती मिळाल्या. नंदुरबार, सातारा, धाराशिव, परभणी, अलिबाग, सिंधुदुर्ग येथे नवी महाविद्यालये निघाली. इमारत निविदा काढून बांधता येते आणि यंत्र विकत घेता येते. ते चालवणारा हात मात्र दुसऱ्या हाताजवळ बसवूनच घडवावा लागतो, आणि त्याला जेवढा वेळ लागतो तेवढा लागतोच.

हे मी अनुभवाने सांगते. १९९४ साली, एमडी होऊन नोकरीला लागल्यावर, मला सहा महिन्यांसाठी मुंबईच्या एका रुग्णालयात एंडोस्कोपी शिकायला जाता आले. तो कोणताही अभ्यासक्रम नव्हता. माझ्या विभागप्रमुखांनी रजेची जुळवाजुळव करून दिली आणि तिथल्या सरांनी शिकवायचे कबूल केले, एवढ्यावर ते घडले. तेव्हा आमच्याकडे पडद्याची दुर्बीण नव्हती, काचतंतूंची होती. तिच्या डोळ्याशी जोडलेल्या दुसऱ्या नळीतून सर माझ्याबरोबर पाहत असत. ती दुर्बीण जुनी होती आणि तुटलेल्या तंतूंचे काळे ठिपके प्रत्येक चित्रावर पसरलेले असत, त्यामुळे काळा ठिपका आणि रक्ताची गुठळी यांतला फरक ओळखणे हाच माझा पहिला धडा ठरला. डाव्या अंगठ्याने मोठे चाक फिरवले की टोक वर-खाली होते, लहान चाकाने डावी-उजवीकडे वळते, आणि उजव्या हाताने नळी नुसती पुढे सारायची नसते, तिला पीळ द्यायचा असतो. पहिले दोन आठवडे सरांची दोन बोटे माझ्या उजव्या मनगटावर असत. मी जोर लावू लागले की ती बोटे दाबली जात; ते काही बोलत नसत, कारण रुग्ण जागा असे आणि त्याला सगळे ऐकू येई.

समोर नुसते लाल दिसू लागले, म्हणजे भिंग आतल्या आवरणाला टेकले आहे. तेव्हा पुढे ढकलायचे नाही, मागे घ्यायचे आणि हवा सोडून वाट शोधायची. हा नियम माझ्या हातात इतका मुरला होता की पुढे काही वर्षांनी वळी चढवायला शिकताना मला तो जाणीवपूर्वक मोडावा लागला. तिथे शीर दुर्बिणीच्या टोकावरच्या टोपीत ओढून घ्यायची असते आणि सगळे लाल होईपर्यंत थांबायचे असते. लाल झाल्यावरच खटका फिरवायचा. घाई केली तर अर्धीच शीर वळ्यात सापडते आणि वळे निसटल्यावर आधीपेक्षा जास्त रक्त वाहते. हे पुस्तकात लिहिलेले आहे आणि मी ते वाचलेही होते. तरी पहिल्या खेपेला माझा हात आपोआप मागे आला, आणि शेजारी उभ्या असलेल्या सहकाऱ्याने "थांबा, थांबा, अजून ओढा" म्हटले नसते तर काय झाले असते, याचा विचार मी आजही करते.

म्हणूनच प्रमाणपत्र कशाच्या आधारावर द्यायचे, हा प्रश्न माझ्या मते जागांच्या संख्येपेक्षाही महत्त्वाचा आहे. सध्या निवासी डॉक्टर लॉगबुक भरतात. लॉगबुकात केलेल्या तपासण्यांची संख्या असते. त्या कशा केल्या हे नसते. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या डॉक्टरांनी १९९६ मध्ये पित्तनलिकेच्या दुर्बीण-तपासणीविषयी, म्हणजे ईआरसीपीविषयी, शिकाऊ डॉक्टरांच्या प्रत्येक प्रयत्नाला गुण देऊन पाहिले. हात पुरेसा तयार व्हायला १८० ते २०० तपासण्या लागतात, असे त्यांना आढळले. त्या काळी त्याच्या निम्म्या तपासण्याही पुरेशा मानल्या जात होत्या. मला त्या आकड्याइतकीच त्यांची पद्धत मोलाची वाटते. शिक्षक शेजारी उभा राहिला, त्याने पाहिले, आणि शिकणाऱ्याला कुठे मदत करावी लागली ते लिहिले. आपल्याकडच्या अंतिम परीक्षेत चार लेखी प्रश्नपत्रिका असतात, दीर्घ आणि लघु केस असतात, तोंडी परीक्षा असते. विद्यार्थ्याने रक्ताने भरलेल्या जठरात दुर्बीण घालून रक्त थांबवलेले वर्षभरात कुणी किती वेळा डोळ्यांनी पाहिले, याची नोंद त्या निकालात असावी, एवढीच माझी मागणी आहे.

या पोकळीत काय उगवते, तेही सांगायला हवे. दोन आठवड्यांचे, कधी तर चार दिवसांचे 'फेलोशिप'चे वर्ग निघतात. भरपूर शुल्क भरून तरुण डॉक्टर तिथे जातात, पडद्यावर दुसऱ्याने केलेल्या तपासण्या पाहतात, रबरी पुतळ्यावर एक-दोनदा नळी फिरवतात, आणि परत येऊन दवाखान्याच्या पाटीवर फेलोशिप लिहितात. मी त्या तरुणांना दोष देत नाही. शिकायची तळमळ असल्याशिवाय कुणी पदरचे पैसे आणि रजा घालवत नाही. परंतु फेलोशिप हा शब्द इतका स्वस्त होऊ देणे रुग्णाच्या जिवावर बेतते. ज्या प्रशिक्षणात शिकणाऱ्याचा हात शिक्षकाच्या देखरेखीखाली रुग्णावर चाललेला नाही, त्याला पाहणी म्हणावे, निरीक्षण म्हणावे. फेलोशिप म्हणू नये.

माझी सूचना अशी आहे. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे फेलोशिप अभ्यासक्रमांची व्यवस्था आहेच. तिच्याखाली एमडी मेडिसिन झालेल्या आणि शासकीय महाविद्यालयात किंवा जिल्हा रुग्णालयात कायम नेमणुकीवर असलेल्या डॉक्टरांसाठी पूर्ण एका वर्षाची, पूर्णवेळ आणि पूर्ण पगारी फेलोशिप सुरू करावी. तिचा आवाका मुद्दाम लहान ठेवावा: अन्ननलिका आणि जठराची दुर्बीण-तपासणी, फुगलेल्या शिरांना वळी चढवणे, जठरातल्या फुगलेल्या शिरेत गोंदाचे इंजेक्शन, अल्सरमधून वाहणारे रक्त थांबवणे, लहान मुलांनी गिळलेली नाणी आणि बटणाच्या आकाराचे सेल काढणे. ईआरसीपी आणि एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंड यांचा तीत समावेश नसावा, कारण ते एका वर्षात होण्यासारखे नाही. प्रमाणपत्र मात्र शिक्षकाने पाहून दिलेल्या गुणांवरच मिळावे, आणि जो तयार झाला नाही त्याची मुदत संकोच न बाळगता वाढवावी.

पोटविकारतज्ज्ञांमध्ये या सूचनेला विरोध होईल, याची मला कल्पना आहे. अर्धवट शिकलेले लोक दुर्बीण घेऊन फिरतील, आतडे फाटल्याचे प्रकार वाढतील, तीन वर्षांच्या पदवीचे मोल कमी होईल, असे माझे काही स्नेही मला तोंडावर म्हणाले आहेत. पहिल्या दोन शंका मी गांभीर्याने घेते, आणि आवाका लहान व परीक्षा कडक ठेवण्याचा आग्रह मी त्यासाठीच धरते. तिसरी शंका मात्र मला पटत नाही. सर्जन मंडळी कित्येक वर्षांपासून एंडोस्कोपी करत आली आहेत आणि त्यामुळे डीएमला येणाऱ्यांची गर्दी कमी झालेली नाही. रात्री दोन वाजता त्या जिल्ह्यात डीएम झालेला डॉक्टर आणि फेलोशिप झालेला डॉक्टर यांत निवड करायची नव्हती. तिथे शिकलेले कुणीच नव्हते.

हे वर्ष नुसत्या दुर्बिणीचे होऊ नये, याचीही मला काळजी वाटते. अलीकडे डीएमचे विद्यार्थीही एंडोस्कोपी कक्षात इतके गुंतून पडतात की वॉर्डातल्या रुग्णाच्या पोटावर हात ठेवायला त्यांना सवड होत नाही. रक्ताची उलटी झालेला रुग्ण जगतो तो निम्मा खाटेवरच्या उपचारांनी. बार्सिलोना येथील डॉक्टरांनी २०१३ मध्ये ९२१ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. हिमोग्लोबिन सातच्या खाली गेल्यावरच रक्त दिलेले रुग्ण, नऊच्या खाली जाताच रक्त दिलेल्या रुग्णांपेक्षा अधिक संख्येने जगले, कारण जास्त रक्त भरले की शिरांतला दाब पुन्हा वाढतो. आमच्याकडे आजही नातेवाइकांना घाईघाईने चार-चार पिशव्या आणायला पिटाळले जाते आणि सगळ्या पिशव्या त्याच रात्री चढवल्या जातात. लहान आतड्याच्या शेवटी व्रण दिसला की तो क्षयाचा की क्रोन्सचा, म्हणजे आतड्याच्या एका जुनाट दाहाचा, हा निर्णय आपल्या देशात दुर्बिणीतून पाहूनही सुटत नाही. क्षयावर उपचार करावे तर महिने जातात, आणि क्रोन्स समजून स्टेरॉइड द्यावे तर दडलेला क्षय उसळतो. असा रुग्ण कसा सांभाळायचा, कधी थांबायचे, कधी पुन्हा बायोप्सी घ्यायची, हे राउंडला ज्येष्ठांच्या मागे उभे राहूनच समजते. फेलोशिपचे निम्मे दिवस वॉर्ड आणि ओपीडीसाठी राखले पाहिजेत.

दुसरी सूचना डीएमच्या विद्यार्थ्यांविषयी आहे. एमडी आणि एमएसच्या विद्यार्थ्यांना आता जिल्हा निवासी कार्यक्रमाखाली तीन महिने जिल्हा रुग्णालयात काम करावे लागते. डीएमच्या तिसऱ्या वर्षाला हीच रीत लावून विद्यार्थ्यांना जिल्ह्याच्या महाविद्यालयात पाठवावे. तिथे त्यांनी रुग्ण तपासावेतच, पण त्या महाविद्यालयातल्या एका ठरलेल्या शिक्षकाला सोबत घेऊन तपासावेत. बंधपत्रावर येणाऱ्या तज्ज्ञालाही हीच जबाबदारी लेखी द्यावी. तमिळनाडूने सेवेतल्या डॉक्टरांसाठी सुपरस्पेशालिटीच्या निम्म्या जागा राखण्याचा निर्णय घेतला आणि मार्च २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला मज्जाव केला नाही. शासकीय सेवेत राहणार असलेल्यांनाच शिकवण्याचा हा विचार आपल्या राज्यानेही करायला हरकत नाही.

एक गोष्ट नेहमी विसरली जाते. दुर्बीण धुणारी परिचारिका आणि तंत्रज्ञ यांचेही प्रशिक्षण याच कार्यक्रमात धरावे. नळीच्या आतल्या बारीक वाटा ब्रशने घासून, रसायनात ठरलेला वेळ ठेवून आणि पूर्ण कोरड्या करून टांगल्या नाहीत, तर एका रुग्णाची कावीळ दुसऱ्याला लागू शकते. मी अशी खोली पाहिली आहे की जिथे जंतुनाशक ग्लुटराल्डिहाइडची बादली होती, घड्याळ नव्हते, आणि तिथला सेवक मामा "झालं असेल बाई" म्हणून दुर्बीण बाहेर काढत असे. त्याला कुणी काही सांगितलेच नव्हते.

माझ्या त्या विद्यार्थ्याने मागच्या आठवड्यात मला विचारले की असा अभ्यासक्रम कधी निघालाच, तर त्याला वयाची अट असेल का. तो एकेचाळीस वर्षांचा आहे, त्याच महाविद्यालयात कायम आहे आणि तिथून बदली मागणार नाही, असे म्हणतो. वैद्यकीय शिक्षण विभागाने आणि विद्यापीठाने या सूचनांचा विचार केला, तर वयाची अट ठेवू नये, अशी माझी विनंती आहे.

आपली नम्र,

एक निवृत्त प्राध्यापिका, वैद्यकशास्त्र
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे.)